बाबांची एस्टीम : इंजिन, स्टिरिओ आणि बाकीची खाज

पार्ल्याचा_जिन्याखाली | १५ मार्च, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

बाबांची २००४ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय आहे. चंदेरी रंग, अंधेरीचं पासिंग, एमएच ०२. किलोमीटर ८१ हजार, म्हणजे वयाच्या मानाने पोरगीच. बाबा आता ७४ चे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी क्लच सोडला आणि गाडी जिन्याखाली कव्हर घालून उभी राहिली. दर रविवारी मी खाली जाऊन दहा मिनिटं स्टार्ट करतो, बाबा गॅलरीतून आवाज ऐकतात, मग परत कव्हर. कमिटीने आता 'चालवा नाहीतर हलवा' असा तोंडी निरोप दिलाय. आम्हाला पार्किंग एकच. नवी घ्यायची तर ही जाणार, आणि ही जाणार म्हटलं की बाबा जेवताना बोलत नाहीत.

म्हणून ठरवलं, हिच्यावरच खर्च करायचा. दोन लाख, ताणून अडीच. मनात आहे ते सांगतो, हसू नका : जुन्या बलेनो सेडानचं १६०० चं इंजिन, फ्री-फ्लो सायलेन्सर, बंपरमागे कोल्ड एअर इनटेक, आणि डिकीत १२ इंची सबवूफर असलेली दणदणीत सिस्टीम.

बाबांच्या अटी दोन. कॅसेट प्लेअर जागचा हलता कामा नये (कॅसेट अडकते, तरीही), आणि डिकी रिकामी हवी. मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या त्यातूनच येतात. म्हणजे सबवूफरचा प्रश्न आधीच चिघळलेला आहे.

कुठून सुरुवात करू?

---

पाचवा_गिअर | १५ मार्च, रात्री ११:३२

भावा, पहिला प्रतिसाद माझा! एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन म्हणजे जुन्या रॅलीवाल्यांची आवडती भाजी. ८५ बीएचपीची ९४ होते, पण आकड्यावर जाऊ नकोस, खरी मजा खालच्या टॉर्कची आहे. पावणेनऊशे किलोच्या आसपास वजनाची गाडी. जुन्या हायवेने खंडाळा चढताना तिसऱ्यातून दुसऱ्यात यायची गरजच नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक चक्कर मार, इंजिन मिळून जाईल. बिनधास्त कर!

---

आठ_बावन्नची_स्लो | १५ मार्च, रात्री ११:५०

पार्ल्यातून निघून हायवेला लागेपर्यंत पहिल्या गिअरमध्येच असणार तुम्ही. तिथे १६०० सीसी काय आणि ८०० काय. बाकी चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

---

पाना_पक्कड | १६ मार्च, सकाळी ६:४५

पार्लेकर, मी गिरगावात ३४ वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. तुमच्यासारखे दरवर्षी दोन-तीन जण यायचे. सगळ्यांना जे सांगितलं तेच सांगतो, थोडं लांबेल.

आधी ते रविवारचं दहा मिनिटांचं स्टार्टिंग बंद करा. इंजिन पुरतं तापत नाही, जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं, पेट्रोलही थोडं रिंगांवरून खाली उतरतं. सायलेन्सर आतून सडतो तो असा. सुरू केलीत तर अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर उभीच राहू द्या आणि बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवा.

आता इंजिन बदलण्याबद्दल. तुमचं आहे ते जी१३बीबी, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५.५. बलेनोचं जी१६बी, बोअर ७५, स्ट्रोक ९०. बघा, बोअर जवळपास तेवढंच, वाढलाय तो स्ट्रोक. म्हणून टॉर्क खाली मिळतो, आणि म्हणूनच ब्लॉक उंच होतो. घराणं एकच असलं तरी उचलून ठेवलं आणि बसलं असं होत नाही. त्याचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याचं वायरिंग, सेन्सर सगळे यायला हवेत. मग क्लच. मग रेडिएटर. मग ब्रेक. इंजिन ४० हजारांत मिळालं तर गाडी रस्त्यावर यायला दीड लाख जातात, हा माझा अनुभव. शिवाय ती जुनी बलेनो २००७ साली बंद झाली. भंगारातलं इंजिन म्हणजे कमीत कमी तेवढं जुनं. तुमचं ८१ हजार चाललेलं इंजिन काढून लाख-दोन लाख चाललेलं बसवायचं, याला आमच्याकडे लग्नातल्या वरातीचा घोडा बदलणं म्हणतात. वाजंत्री सारखीच, फक्त घोडा म्हातारा.

तुम्हाला पिकअप कमी वाटतोय ना? वीस वर्षांत ८५ मधले किती घोडे पळाले हे आधी मोजा. कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते कळेल. चारही प्लग काढायचे, इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज असलेली. चार आकडे इथे टाका, मग बोलू.

---

पाचवा_गिअर | १६ मार्च, सकाळी ९:०५

काका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर माझ्या स्वप्नांत डिझेल ओतता.

---

काळा_कोट | १६ मार्च, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम : आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए आलं : बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खराब झालेल्या इंजिनाच्या जागी त्याच जातीचं इंजिन टाकायचं तरी आरटीओला कळवून नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो. तेराशेची सोळाशे करून कागदावर तेराशेच ठेवली तर अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर वाचणारच आहे.

भंगारातल्या इंजिनाचं दुसरं दुखणं म्हणजे ते कुठल्या गाडीतून आलं. बिल नाही, नंबर घासलेला, तर हात लावू नका. चोरीच्या गाडीचं निघालं तर खुलासे तुम्ही करत बसाल.

२००४ ची म्हणजे पंधरा वर्षांचं आणि नंतरचं पाच वर्षांचं, अशी दोन नूतनीकरणं झाली असतील. ती झाली आहेत ना? पुढचं २०२९ ला. वीस वर्षांवरच्या मोटारींची फी ऑगस्ट २०२५ पासून १० हजार झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. त्या वेळी गाडी तपासायला न्यावी लागते. फ्री-फ्लोचा ढणढणाट घेऊन जाल का?

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | १६ मार्च, रात्री १०:१५

दोन्ही नूतनीकरणं झालीत, बाबांनी स्वतः रांगेत उभं राहून केलीत. नव्या नंबरप्लेटही लागल्या. बलेनोचं खूळ उतरलं म्हणू नका, पण थोडं थंड झालंय. फ्री-फ्लो आणि इनटेकचं काय? त्याने तर आरसी बदलत नाही.

---

पाना_पक्कड | १७ मार्च, सकाळी ६:३०

इनटेकचं एका वाक्यात सांगतो : मुंबईत बंपरमागे हवा ओढणारं तोंड बसवणं म्हणजे गाडीला स्ट्रॉ लावून मिलन सबवेत सोडणं.

कंपनीने हवेचं तोंड वर बसवलंय ते उगाच नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर गेलं तरी पिस्टन वर येताना थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सायलेन्सरमधून पाणी शिरून गाडी बंद पडते, पण इंजिन फुटत नाही. फुटतं ते वरून प्यायल्यावर. हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे, दर जुलैत आमच्याकडे अशी दोन-तीन इंजिनं टो होऊन यायची. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्टर मारून बघणारे महाभाग वेगळेच. त्या एका सेल्फने ५०० रुपयांचं काम ५० हजारांचं होतं.

फायदा काय? अशा बिनटर्बोच्या छोट्या इंजिनाला नुसत्या फिल्टरने दोन-तीन घोडे मिळाले तर नशीब. आवाज मात्र दहा घोड्यांचा येतो, त्यामुळे मालक खूश.

फ्री-फ्लोमध्ये नळी रुंद केली की वरच्या आरपीएमला थोडं मिळतं आणि खालचं जातं. तुम्ही राहणार खालीच, सिग्नल ते सिग्नल.

---

ब्रीच_कँडीची_झोप | १७ मार्च, सकाळी ८:१०

फ्री-फ्लोला माझा विरोध नोंदवा. कोस्टल रोड झाल्यापासून रात्री दीडला कोण किती सीसीची चालवतोय हे मला पलंगावरून सांगता येतं.

---

तांब्याची_तार | १७ मार्च, रात्री ९:४०

इंजिनातलं मला कळत नाही, आवाजातलं कळतं. नाटकांना साउंड देते, दीनानाथमध्ये अर्धं आयुष्य गेलं. स्टिरिओचं मी बोलते.

पहिलं, १२ इंची सबवूफर विसर. तुझी डिकी पत्र्याची, नंबरप्लेट पत्र्याची, मागची शेल्फ पुठ्ठ्याची. गाणं कमी आणि डबा जास्त वाजेल. आणि आंब्याच्या पेट्यांपुढे कुठलाही सबवूफर हरतो. सीटखाली बसणारा ८ इंची, बंद डब्यातला घे. तबल्याचा डग्गा नीट ऐकायला तेवढा पुरतो.

दुसरं, खोक्यावर १२०० वॉट लिहिलेलं असेल तर ते वाचू नकोस. 'आरएमएस' शब्दापुढचा आकडा वाच, सतत मिळणारी खरी ताकद तीच. पुढच्या दोन दारांना साडेसहा इंची कंपोनंट, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर दारात आणि बारीक सुरांचा ट्विटर वेगळा वर आरशाच्या कोपऱ्यात. प्रत्येकी खरे ५० वॉट मिळाले तर त्या केबिनमध्ये कान दुखतील. मागच्या शेल्फवर ओव्हल लावायची आपल्याकडची जुनी हौस आहे. त्यात गायक तुझ्या मानेमागे बसून गातो. नाटकात नट प्रेक्षकांच्या मागून बोलला तर चालेल का?

तिसरं, आणि पैसे इथेच घाल : दारं. आतलं पॅनल काढून पत्र्यावर ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीट लाव, दारातली मोठी भोकं बंद कर (खालची पाणी जायची भोकं सोडून, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात दारात मासे पाळावे लागतील). दहा हजारांचे स्पीकर डॅम्पिंग केलेल्या दारात पंचवीस हजारांसारखे वाजतात. दार लावल्याचा आवाजही बदलतो, 'ठण' जाऊन 'धप' येतो.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | १८ मार्च, सकाळी ७:५५

ताई, आणि कॅसेट?

---

आठ_बावन्नची_स्लो | १८ मार्च, सकाळी ८:५४

कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडाप्टर मिळतो, वायर मोबाइलला जोडायची. दोनशे रुपये. धागा संपला. (आज गाडी दोन मिनिटं लेट.)

---

तांब्याची_तार | १८ मार्च, रात्री १०:०२

स्लो, तू गमतीत बोललास पण तो प्रकार खरंच चालतो, फक्त वरचे सूर बोथट होतात.

पार्लेकर, कॅसेट अडकते कारण आतला रबरी पट्टा वितळला असणार. वीस वर्षांत त्याची काकवी होते. लॅमिंग्टन रोडला डेकची दुरुस्ती करणारे अजून आहेत, मापाचा पट्टा बसवून आणि हेड साफ करून देतात. डेक तिथेच ठेव. त्याच्या स्पीकरच्या वायरी सरळ अ‍ॅम्प्लिफायरला दे. बऱ्याच अ‍ॅम्पना 'हाय लेव्हल इनपुट' असतो, तो स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल उचलतो. डीएसपी (आवाज हवा तसा जुळवणारी चिप) आणि ब्लूटूथ असलेला छोटा अ‍ॅम्प घेतलास तर बाबांची कॅसेट एका वाटेने, तुझा मोबाइल दुसऱ्या. डॅशबोर्डला कळणारसुद्धा नाही.

वायर मात्र बघून घे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून सर्रास विकतात. ब्लेडने खरवड, आत पांढरी निघाली की दुकानाबाहेर ये. लोहार चाळीतून १० स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची केबल घे, गाडीच्या नावाने विकतात तिच्यापेक्षा स्वस्त पडते. हिशेब असा : चार चॅनल गुणिले ५० म्हणजे २०० वॉट. अ‍ॅम्प ८० टक्के कार्यक्षम धर, म्हणजे बॅटरीकडून २५० मागतो. भागिले १३.८ व्होल्ट, साधारण १८ अँपिअर. तेही पूर्ण आवाजात. बॅटरी चार्ज करणाऱ्या तुझ्या अल्टरनेटरला हे झेपेल. फ्यूज ३० चा, आणि तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो, वायर घासून बॉडीला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. फ्यूज अ‍ॅम्पच्या शेजारी बसवणारे फिटर मी पाहिलेत.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | ४ एप्रिल, रात्री ११:२५

धागा वर काढतोय. कॉम्प्रेशन झालं. पहिला १२.६, दुसरा १२.४, तिसरा ९.८, चौथा १२.५.

तिसऱ्यावरून माझं तोंड पडलं. मेकॅनिक म्हणाला, 'साहेब, इंजिन खोलावं लागेल, रिंग-पिस्टन, ४५ हजार'. पाना काका, वाचवा.

---

पाना_पक्कड | ५ एप्रिल, सकाळी ६:२०

थांबा, लगेच खोलू नका. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंग, कारण ऑइलने फट बुजली. नाही चढला तर वरचा मजला, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. कुठलाही मेकॅनिक हे दोन मिनिटांत करतो. केलं नाही म्हणजे त्याला ४५ हजारच हवे होते.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | ६ एप्रिल, रात्री ९:००

ऑइल टाकून १०. जवळपास हललाच नाही!

---

पाना_पक्कड | ७ एप्रिल, सकाळी ६:१५

खालचा मजला शाबूत. हेड, म्हणजे तो वरचा मजला, उतरवा, व्हॉल्व्ह घासून बसवा, सील नवे, पॅकिंग नवं, हेड सपाट आहे का हे पट्टी लावून बघा. उतरवलंच आहे तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप आत्ताच बदला, मजुरी एकदाच पडते. थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ. इंजिनाचे माउंटिंग बघा, रबर बसलं असेल तर गाडी थरथरते आणि माणूस इंजिनाला शिव्या देतो.

आणखी एक, हल्लीचं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. तुमच्या गाडीचे रबरी पाइप त्याच्यासाठी केलेले नाहीत, ते फुगतात आणि चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे होज बदला, नव्यावर 'आर९' छापलेलं बघून घ्या. फ्यूएल फिल्टरही बदला, इथेनॉल जुन्या टाकीतला गाळ सोडवून पुढे ढकलतो. अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळेल, ते इंजिनाचं पाप नाही. इथेनॉलमध्ये मुळातच पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे वीस टक्क्यांच्या मिश्रणात साधारण सहा-सात टक्के. महागाचं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरू नका, स्टॉक इंजिनाला त्याचा उपयोग नाही.

---

घाटमाथा | ७ एप्रिल, सकाळी ११:१५

टायरचं कुणीच विचारलं नाही. बाजूवर चार आकडे असतात बघा, आठवडा आणि वर्ष. माझ्या सासऱ्यांच्या गाडीला '२३१४' निघाले, म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र पापडासारखं. अशा टायरवर पावसात ब्रेक मारून बघायची हौस कुणी करू नये.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | ७ एप्रिल, रात्री १०:४०

'०९१३'. आजच मोजून बघतोय, इतकी वर्षं नुसते काळे आहेत एवढंच बघत होतो.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | ३ मे, रात्री १०:३०

प्रगती : हेड झालं. टायमिंग बेल्ट, पंप, होज, माउंटिंग, चार टायर, पुढच्या डिस्क आणि पॅड, मागचे लायनर, ब्रेक ऑइल, लोअर आर्मचे बुश, सगळं मिळून ७८ हजार. तिसरा सिलिंडर १२.५ वर आला. पाचवा_गिअर, शपथ सांगतो, ही गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा चालवली असं वाटलं. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे जी ओढ आहे ती मला माहीतच नव्हती. ८५ घोड्यांतले निदान पंधरा तबेल्यात झोपले होते.

पेट्याही आल्या, पाच. डिकी बंद झाली.

आता रडगाणं. स्टिरिओ एका दुकानात बसवला (नाव घेत नाही, चूक माझीही आहे, शनिवारी गर्दीत गेलो). डॅम्पिंग सुंदर झालं. पण गाडी सुरू केली की स्पीकरमधून 'ऊंऽऽ' येतो, रेस वाढवली की सूर चढतो. गाणं बंद केलं तरी चालू. दुकानदार म्हणतो, 'जुनी गाडी आहे, अल्टरनेटर बदला, नाहीतर नॉइज फिल्टर लावा'. बाबा म्हणतात, 'तंबोरा चांगला लागलाय.'

---

तांब्याची_तार | ३ मे, रात्री ११:१५

बाबांना माझा नमस्कार.

अल्टरनेटर बदलू नकोस, फिल्टरही नको, तो दुखणं झाकतो. मल्टिमीटर आहे? गाडी चालू, गाणं मोठ्याने. मीटरची एक पिन अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लांब वायर लावून. ०.१ व्होल्टच्या आसपास यायला हवं. किती येतंय?

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | ४ मे, रात्री ९:२०

०.९.

---

तांब्याची_तार | ४ मे, रात्री ९:३१

तुझ्या गाडीत अर्थ नाही.

म्हणजे अर्थिंग नाही रे. १८ अँपिअर वाहताना ०.९ व्होल्ट पडतात म्हणजे वाटेत ०.०५ ओमचा अडथळा आहे. ऐकायला इतकासा, पण अ‍ॅम्पची जमीन आणि डेकची जमीन वेगवेगळ्या पातळीवर गेल्या की अल्टरनेटरची कुरकुर मधल्या फटीतून गाण्यात शिरते. अर्थ कुठे मारलाय बघ. सीटच्या बोल्टला, रंगावरच मारला असेल.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | १० मे, दुपारी ४:०५

आज पुढचं सीट काढलं. ताईंचा अंदाज बरोबर, अर्थचा स्क्रू रंगावरच होता. रंग खरवडून, नवं लग लावून घट्ट केला. ०.९ चे ०.५ झाले. सूर उतरला, गेला नाही.

मग कार्पेट उचललं. खाली बॉडीला लागलेल्या अर्थच्या गुच्छाला हात लावला तर हिरवी भुकटी. वायरीचं प्लॅस्टिक कापलं, आतलं तांबंसुद्धा हिरवं. दुसरीकडे सोनेरी रंगाचा वाळलेला चिखल, पापुद्रे निघतील असा.

बाबांना खाली बोलावलं नाही, फोटो नेऊन दाखवला. म्हणाले, 'कलिना'.

२६ जुलै २००५. गाडी एक वर्षाची होती. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी बाबा विद्यापीठाजवळ अडकले. पाणी सीटपर्यंत आलं तेव्हा किल्ली खिशात घालून उतरले आणि पार्ल्यापर्यंत चालत आले, पोहोचायला रात्रीचे अडीच. गाडी दोन दिवसांनी ओढून आणली. त्यांनी परत स्टार्टर मारला नव्हता, म्हणून इंजिन वाचलं. हे सगळं मला माहीत होतं, घरात शंभरदा ऐकलंय. कार्पेटखाली अजून शिल्लक असेल हे माहीत नव्हतं.

---

पाना_पक्कड | ११ मे, सकाळी ६:१०

त्या वर्षी आमच्याकडे गॅरेजबाहेर ओळीने गाड्या उभ्या होत्या. कार्पेट वाळवायची, सीट उन्हात ठेवायची आणि पाठवून द्यायची, वायरिंगला हात लावायला कुणाला वेळ नव्हता. मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू.

आता तीन गोष्टी करा. तो गुच्छ पूर्ण कापून नवा करा, हिरवं तांबं जिथपर्यंत आहे तिथपर्यंत मागे जा. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडीची पट्टी नवी. इंजिन ते बॉडीची पट्टी नवी, ती सगळे विसरतात. जोड झाले की वर ग्रीस. सातशे-आठशे रुपयांचं सामान आहे. दुकानदाराने तुम्हाला अल्टरनेटर किती सांगितला होता?

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | ११ मे, सकाळी ८:०२

साडेआठ हजार.

---

काळा_कोट | ११ मे, दुपारी १:३५

स्टिरिओच्या बिलाची प्रत ठेवा, अ‍ॅम्पच्या वॉरंटीला लागेल. आणि विमा नूतनीकरण करताना सिस्टीमची किंमत सांगून जोडून घ्या, नाहीतर चोरीला गेल्यावर मिळत नाही.

---

पाचवा_गिअर | ११ मे, दुपारी २:१०

सगळे इतके शहाणे झालेत की विचारायला लाज वाटते, पण बलेनोचं इंजिन कुणाकडे पाहिलं होतंस का रे? माझ्याकडे जिप्सी आहे.

---

काळा_कोट | ११ मे, दुपारी २:१४

वरचा माझा प्रतिसाद परत वाचावा.

---

पार्ल्याचा_जिन्याखाली | २४ मे, रात्री ८:४५

गुच्छ आणि दोन्ही पट्ट्या नव्या. मीटरवर ०.०८. स्पीकरमधून आवाज शून्य, इतका शून्य की आधी वाटलं अ‍ॅम्प बंद पडला.

खर्च एकूण १ लाख ४२ हजार. उरलेल्यात पुढच्या वर्षी रंग.

आज सकाळी बाबांना पुढच्या सीटवर बसवून वरळीपर्यंत गेलो. डेकचा पट्टा नवा आहे, त्यांनी स्वतः नाट्यसंगीताची कॅसेट आत ढकलली. हार्मोनियम डॅशबोर्डच्या मधोमध आणि तबला उजवीकडे थोडा मागे. ताई, तुम्ही म्हणाला होतात तसं, कुणी मानेमागे बसलेलं नाही. मी सीलिंककडे वळेपर्यंत वाट बघितली, बाबा काहीतरी म्हणतील म्हणून. एक बाजू संपली. त्यांनी कॅसेट उलटी केली. माहीमजवळ एक स्कूटरवाला आडवा आला तेव्हा मी हॉर्न दिला.

बाबा म्हणाले, 'हॉर्न नवा बसवलास?'

---

पाना_पक्कड | २५ मे, सकाळी ६:०५

हॉर्न तोच. त्यालाही अर्थ मिळाला. रात्री हेडलाइट बघा, त्याही पिवळ्याच्या पांढऱ्या झाल्या असतील.

---

ब्रीच_कँडीची_झोप | २५ मे, सकाळी ७:४०

हॉर्नची पट्टी परत सैल करता येते का?